आष्टीच्या बंगल्यातील चुन्याचे डाग

पिवळसर, खडबडीत, बोटाला टोचणारी ती वलये! आष्टीच्या सरकारी बंगल्यातील शौचकूपात हैदराबादहून आणलेले चिनी मातीचे भांडे बसवले, तेव्हा ते किती शुभ्र होते! विहिरीच्या जड पाण्याने वर्षभरात त्यावर चुन्याचे असे थर चढवले, की मूळचा रंग शोधावा लागे.

मी त्या बंगल्याचा दारोगा होतो. मुक्कामाला येणाऱ्या अंमलदारांची बडदास्त ठेवणे हे माझे काम. तालुकदारसाहेब दुसऱ्या दिवशी येणार, असा निरोप आला आणि माझा जीव टांगणीला लागला. बंगल्याची सफाई करणारी हौसाबाई सकाळपासून विटेच्या तुकड्याने भांडे घासत होती. डाग जागचे हलेनात. शेवटी मी सोनाराकडून तेजाबाची बाटली आणली.

“साहेब, ह्याचा वास लई वंगाळ हाय,” ती म्हणाली. “चिंचेचं दाट पानी ओतून ठिवू. सांजपर्यंत निघंल.”

“तेवढा वेळ कुणाला आहे? अजून सारा बंगला आवरायचा आहे. ओत!”

तिने ओतले. क्षणात पांढरा फेस फसफसत उसळला, डोळ्यांत झोंबणारी वाफ उठली. दचकून मागे सरताना तिच्या ओल्या हातातून बाटली निसटली, भांड्याच्या काठावर फुटली आणि उरलेले तेजाब तिच्या मनगटावर उडाले.

“पानी! पानी टाका की वो!”

मी कोपऱ्यातली भरलेली घागर उचलली. पाणी ओतू लागलो. पण वेदनेने तिचा हात असा थरथरत होता, की धार भलतीकडेच सांडत होती. तो हात धरायला हवा होता. मी धरला नाही! किती क्षण गेले असतील? फार नसतील. पण डोळ्यांदेखत कातडी लाल होत असताना मी सोवळ्या-ओवळ्याचा विचार करीत उभा होतो, हे आज लिहितानाही माझा मलाच विश्वास बसत नाही. ज्याला आपण सज्जन समजून इतकी वर्षे वागवले, तो आपल्या आत राहणारा माणूस हाच का?

मग मी तो हात घट्ट धरला आणि घागर रिती होईपर्यंत धार सोडली नाही.

हौसाबाई कण्हायची थांबली. भेदरून माझ्याकडे पाहत म्हणाली, “साहेब, शिवलं की वो तुमी मला.”

तेजाबाने भाजलेल्या बाईला माझ्या विटाळाची चिंता! त्या वाक्याने मी जितका हादरलो, तितका त्या फेसाने आणि वाफेनेही हादरलो नव्हतो.

हकीमाने मलम लावून दिले. तिला घरी पोचवून मी परत आलो, चिंच कोळून भांड्यात ओतली आणि दिवस कलेपर्यंत गुडघे टेकून स्वतः घासत बसलो. थर भुगा होऊन सुटत गेले. दाराशी चाहूल लागली, म्हणून वळून पाहिले. मनगटाला पट्टी बांधलेली हौसाबाई उभी होती.

“का आलीस?” मी विचारले.

“डाग निगाला का, ते बघाया,” ती म्हणाली. मग माझ्या चिंचेने माखलेल्या हातांकडे बराच वेळ पाहून तिने चांगल्या हाताने घागर उचलली आणि माझ्या हातांवर पाणी घातले. मी हात मागे घेतले नाहीत.