सात नंबरचं झाड

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या पोराला पण समजतं. नववीला त्रिकोणमिती शिकवताना तर तो दिवसभर तिथंच मुक्कामाला असायचा. साइन, कोसाइन, टॅन पोरं घडाघडा म्हणत, अन् याचं करायचं काय असं विचारलं की सगळी खाली माना घालून बसत. शेवटी एका डिसेंबरात मी पुस्तक मिटलं आणि अख्खा वर्ग रस्त्यावर नेला.

सामान साधंच होतं. कंपासपेटीतला कोनमापक, त्याच्या सरळ बाजूला चिकटवलेली सरबताची नळी, मधल्या भोकातून सोडलेला दोरा आणि दोऱ्याला सायकलच्या दुकानातून मागून आणलेला नट. नळीतून झाडाचा शेंडा बघायचा आणि पंचेचाळीस अंशांचा कोन होईपर्यंत मागं सरकायचं. मग झाड जितकं लांब, तितकीच त्याची उंची आपल्या डोळ्यांच्या वर. पोरं भलतीच खूश झाली. राजुऱ्याकडून येणारे ट्रकवाले हॉर्न वाजवून जात होते.

रस्त्याच्या कडेला मोहाची झाडं आहेत. नऊ गट होते, नऊ झाडं निवडली. कोणाचं झाड कोणतं यावरून भांडणं नकोत म्हणून मी बुंध्यांवर चुन्यानं ठसठशीत नंबर टाकले. मोठी शहाणी ना मी!

सात नंबरचं झाड वर्गातल्याच एका मुलीच्या घरचं होतं. घरचं म्हणजे कागदावर सरकारचंच, पण त्याखाली पडणारी मोहाची फुलं तिच्या आईनं वेचायची हे गावात ठरलेलं. बाकीच्यांनी नुसतं अंतर मोजून उंची लिहिली. हिनं त्यात दीड मीटर मिळवले आणि चौदा मीटर लिहिलं. मी विचारलं तर म्हणाली, "आपण उभे आहो, ते बी धरा लागते ना मॅडम." मला इतका आनंद झाला की विचारू नका. मग तिनंच विचारलं, हे बरोबर आलं की नाही ते कसं समजन. मी आनंदाच्या भरात म्हटलं, झाड आडवं पाड आणि टेप लाव, मग समजेल. वर्ग हसला. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी तिची आई फाटकात उभी. मुलगी सोबत नव्हती.

"मॅडम, आमच्या झाडावर नंबर काऊन टाकला?"

मी समजावलं की हे गणित आहे. तिला ते पटेना. आमच्याकडे झाडावर नंबर पडतो तो कापायच्या आधी, दुसऱ्या कशासाठी पडलेला तिनं कधी पाहिला नव्हता. पोरीनंच शाळेला झाड दाखवलं म्हणून पोरीची शाळा बंद केली होती. आधी मी भडकले, मी काय लाकडाची ठेकेदार आहे का म्हणून. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बादली मागवली. नऊच्या नऊ नंबर मी स्वतः घासून काढले. सातवा पूर्ण जाईस्तोवर ती शेजारी उभी होती. दुपारी मुलगी वर्गात आली.

फेब्रुवारीत रस्ता रुंद करायचं निघालं आणि झाडांवर पुन्हा नंबर पडले. या वेळी लाल ऑइल पेंटचे, तीन आकडी. संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला ती बाई बादली आणि नारळाचा काथ्या घेऊन आली.

"तवा पुसला होता ना तुमी? हा बी पुसून द्या."

हा माझा नंबर नाही, माझ्या हातात काही नाही, असं मी दहा वेळा सांगितलं. ती नुसता काथ्या पुढं धरून राहिली. मी घासला. हात सोलवटले, रंग ढिम्म हलला नाही. मग अर्ज लिहिला, तालुक्याला गेले. साहेबांनी चहा पाजला. झाड सरकारचं आहे, त्या बाईंचा संबंध येतोच कुठं, म्हणाले. मी तिथं खूप आवाज चढवला आणि चहा पिऊन परत आले. त्यानंतर तिच्या घरावरून जायची माझी हिंमत झाली नाही.

मार्च सरता सरता झाडं पडली. मोहाच्या कळ्या नुकत्या भरल्या होत्या.

त्याच दुपारी मुलगी स्टाफरूममध्ये आली आणि खेळाची लांब टेप मागितली. खो-खोचं मैदान आखायचं असेल म्हणून मी दिली. अर्ध्या तासानं ती परतली. टेपला भुसा लागला होता. तिनं गणिताची वही उघडली, डिसेंबरातलं तेच पान.

"बुडखा धरून मोजलं मॅडम. चौदा मीटरले एक वीत कमी. आपलं बरोबर होतं."

मी लाल पेन हातात घेतला आणि तसाच धरून बसले. ती समोर उभी होती, मी बरोबरची खूण कधी करते म्हणून वाट बघत.