जेवायचा हात

रिक्षावाला विचारतो, "आजी, डावीकडं का उजवीकडं?" आणि उत्तर द्यायच्या आधी मी मांडीवरचा हात हळूच उचलून बघते. भाकरी मोडते तो उजवा. शेजारी बसलेली नात तोंडावर पदर धरल्यासारखी ओढणी धरून हसते. हसू दे. इतकं वय झालं तरी म्हातारीला डावं-उजवं कळत नाही असं तिला वाटतं. मला चांगलं कळतं. कळायला जरा उशीर झाला, एवढंच.

नऊ वर्षांची होते तेव्हा माझ्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. दोन वेण्या, एक वाहतं नाक आणि ताठा मात्र अंबारी घातलेल्या हत्तीचा.

आबा जीनगर. घोड्यांची खोगिरं, लगाम, पट्टे शिवायचे. आमचं गाव संस्थानातलं. महाराजांच्या राज्यात आमच्यासारख्या कारागिरांची पोरं हायस्कुलात जाऊ लागली होती. माझा दादा त्यातलाच, आणि वर शाळेच्या पलटणीत. पलटण म्हणजे तीस-पस्तीस पोरं, खांद्यावर लाकडी बंदुका, आणि त्यांना कवाईत शिकवणारा पेन्शनीतला एक हवालदार. त्याच्या मिशा सरळ होत्या पण इंग्रजी वाकडं. अटेन्शनचं 'टेंशन' आणि क्विक मार्चचं 'कुकमार'. पोरंही तेच शिकली. दादा परसात एकटाच "कुकमार!" म्हणून ओरडायचा आणि आमच्या कोंबड्या पांगायच्या. एक कोंबडी तर पुढं पुढं नुसत्या 'टेंशन'लाच अंडं द्यायला लागली, असं तो शपथेवर सांगायचा.

त्याच्या पायाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळून ठेवायचं आणि पट्ट्याचं पितळी बक्कल चिंचेनं घासायचं काम माझं. त्याच्या बदल्यात तो मला हुकूम शिकवायचा. शिकवायचा कसला, मला परसात उभी करून चालवायचा. मी दर वेळी उलट्या पायानं सुरू करायची आणि तो कपाळाला हात लावायचा. "अगं येडे, जेवतीस कुठल्या हातानं? त्यो उजवा. त्याच्या खालचा पाय उजवा. एवढं सोपं हाय की!"

खंडेनवमीला आबांच्या आरी-दाभणांशेजारी त्याची लाकडी बंदूकही पूजेला मांडली. आई म्हणाली, "हिला कुंकू लावू का चुलीत घालू?"

"आई! सरकारी हाय ती!" दादा एवढा दचकला, की आबाही हसले. ते सहसा हसत नसत.

दुसऱ्या दिवशी दसरा. सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत शाळेची पलटण चालणार होती. पट्ट्या बांधता बांधता दादा मला म्हणाला, "रस्त्याच्या उजव्या अंगाला हुबी ऱ्हा. हवालदार 'आईज राइट' म्हणला की सगळी पलटण तुझ्याकडं मान वळवून बघणार. बघच तू."

"सगळी?"

"सगळी. एक मुंडकं इकडंतिकडं न्हाय."

ही सलामी महाराजांसाठी असते हे त्यानं सांगितलं नाही, आणि मला ते विचारायची गरज वाटली नाही. भाऊ पलटणीत आहे म्हटल्यावर पलटण बहिणीला सलामी देणार, त्यात नवल ते काय! मी गल्लीभर सांगून आले. तीन मैत्रिणींना जरीची परकर-पोलकी घालून बरोबर यायला लावलं.

रस्त्यावर गेलो तर एका बाजूला दरबारचा शामियाना घातलेला. मी येणाऱ्या मिरवणुकीकडं तोंड केलं आणि जेवायचा हात वर केला. शामियाना पडला दुसऱ्या बाजूला. क्षणभर मी विचारात पडले. मग लक्षात आलं, दरबारच्या लोकांनी मांडव चुकीच्या बाजूला घातलाय! मी चुकणं तर शक्यच नव्हतं. मैत्रिणींना दामटून मी माझ्या उजव्या बाजूला उभं केलं.

समोरून येणाऱ्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला असतो. हे परसात कुणी शिकवलं नव्हतं. परसात आम्ही दोघं नेहमी एकाच दिशेला तोंड करून चालायचो.

हत्ती गेले, घोडे गेले. मग टाचांचा आवाज आला. दादा कडेच्याच ओळीत होता, माझ्यापासून चार हातांवर. मी घासलेलं बक्कल चमकत होतं. हवालदार ओरडला, "आईज राइट!" आणि सगळ्या पलटणीनं झटक्यात मान फिरवली. पलीकडं.

तीस-पस्तीस डोकी. मला दिसले ते सगळ्यांचे मागचे केस आणि कान. दादाच्या कानामागं शिकेकाई राहिली होती, तीसुद्धा दिसली.

मैत्रिणी हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. अबोला. थेट भाऊबीजेपर्यंत. पाटावर बसला, ओवाळणी टाकली, माफी मागितली, की मग बोलायचं. दादा आला तो हसतच. "कुठं हुतीस गं? अख्ख्या शामियान्यात तुला शोधली. हवालदार म्हणला, मान वळवायला सांगितली हुती, डोळं फिरवायला न्हाय." मी भिंतीकडं तोंड केलं. त्यानं आपट्याचं पान पुढं धरलं, "सोनं घे." मी हात मागं बांधले. त्यानं ते पान कोनाड्यात ठेवलं.

त्याच आठवड्यात गावात मानमोडीची साथ पसरली. ताप यायचा, मान आणि अंग मोडून निघायचं, आणि माणूस चार दिवसांत जायचा. शाळा बंद झाली. दादानं दुसऱ्याच दिवशी अंथरूण धरलं.

मी उंबऱ्यात बसून त्याच्याकडं बघायची. बोलायची नाही. तापात तो मधेच बारीक आवाजात म्हणायचा, "टेंशन." मला हसवायला. मी ओठ दाबून धरायची. किती शहाणी होते बघा! आई काढा उकळता उकळता म्हणाली, "बोल की गं त्याच्यासंगं. पाया पडू का तुझ्या?" मी बोटांवर भाऊबीजेचे दिवस मोजत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं माझ्याकडं मान वळवायचा प्रयत्न केला. ती पुरती वळली नाही. म्हणाला, "ए. जेवतीस कुठल्या हातानं?"

मला उत्तर येत होतं. त्याला पाणी द्यायला मी फुलपात्र त्याच हातात धरलं होतं. मी ते खाली ठेवलं आणि परसात निघून गेले. परत आले तेव्हा आई ओरडत होती.

मुलींनी मसणवटीत जायचं नसतं. मी दारात उभी राहिले. खांदा द्यायलाही गल्लीत पुरेशी धडधाकट माणसं नव्हती. पण हवालदार आला होता, आणि त्याच्यामागं सात पोरं. पलटणीतली तेवढीच पायांवर उभी होती. पट्ट्या कशाबशा बांधलेल्या, बंदुका शोकात धरतात तशा उलट्या धरलेल्या. दादाला पुढं नेलं, आणि ती सात पोरं त्याच्यामागं दोन-दोनच्या ओळीत, एक सुटा, आमच्या दारावरून निघाली.

आमचं दार त्यांच्या उजव्या अंगाला होतं.

हवालदारानं मला पाहिलं. त्याला काय माहीत होतं, काय नव्हतं, मला आजवर कळलेलं नाही. दादानं त्याला दसऱ्याचं सगळं सांगितलं असावं. पोरांकडं वळून तो म्हणाला, "आईज... राइट."

सात मुंडकी माझ्याकडं वळली. एकही इकडंतिकडं नाही.

मी जेवायचा हात वर केला आणि मोठ्यानं म्हणाले, "ह्यो! ह्यो, दादा!"

तो गल्लीच्या वळणापर्यंत गेला होता. आईनं मला आत ओढलं. कोनाड्यातलं पान वाळलं होतं, ते मी त्याच हातानं उचललं.