बत्ती गेल्यानंतरचा सिनेमा

ग्वाल्हेर स्टेशनवर आपण दोघं गाडीत चढलो तेव्हा तुझी आई खिडकीतून गजकचा डबा आत सरकवत म्हणाली होती, "भांडू नका रे. आणि काळजी कसली? आपल्याच लोकांत चाललात." मन्नू, तुला ते आठवत असणार. हल्ली तुला नाही म्हणायची सवय लागली आहे, म्हणून विचारत नाही, सांगतोय.

आपल्याच लोकांत! ग्वाल्हेरला, दाना ओलीतल्या आपल्या गल्लीत आपण 'दक्षिणी'. पिढ्यान् पिढ्या शहराच्या त्या लश्कर भागात गेल्या, तरी भाजीवाला हसून विचारणार, "पंडितजी, आपके यहाँ तो दाल में भी गुड़ पड़ता है न?" माझे बाबा म्हणायचे, उंबऱ्याबाहेर हिंदी बोला, आत मराठी. आपण इमानदारीत पाळलं. आपल्याला वाटायचं, कुठेतरी एक गाव आहे जिथे उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना मराठीच असेल आणि आपल्याला कोणी काही विचारणार नाही. मग पुण्यात आलो. घरमालकीणबाईंनी आपलं बोलणं ऐकून घेतलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "छान शिकलात हो मराठी! मूळचे कुठले?" खोलीचं दार लावून आपण पोट धरधरून हसलो होतो. दोघं होतो म्हणून हसलो. एकटा असतो तर मी रडलो असतो.

तू पटापट शिकलास. छताची गच्ची झाली, बत्तीची लाइट झाली, मन्नूचा मंदार झाला. मी काही म्हटलं नाही. ज्याला जसं जमेल तसं त्याने करावं. मला नाही जमलं, माझ्या तोंडून अजून 'पक्का' आणि 'फालतू' सुटतंच. पण मनात एक भरवसा होता, की बाकी सगळे हसले तरी या शहरात एक माणूस आहे ज्याला माझं सगळं ठाऊक आहे. त्याच भरवशावर शनिवारी संध्याकाळी तुझ्या गच्चीवर आलो.

बेत झकास होता, खोटं कशाला बोलू. लोखंडी शेगडी, फुललेले कोळसे, सळयांना टोचलेलं पनीर आणि चिकन, कडेला मक्याची कणसं. एप्रन बांधून तू हातपंख्याने वारा घालत होतास. "हा माझा जुना मित्र, नॉर्थचा," अशी तू माझी ओळख करून दिलीस. नॉर्थचा. तेव्हाच माझ्या डोक्यात घंटी वाजायला हवी होती.

मग कोणीतरी जुन्या टीव्हीचा विषय काढला आणि सगळे पोरं होऊन गेले. मुंबई केंद्रावरची नाटकं, संध्याकाळच्या बातम्या, शनिवारचा मराठी सिनेमा. मी नुसता हसत होतो, कारण आपल्याकडे मुंबई कुठे दिसायची? आपल्याला दिल्ली. रविवारी दुपारी देशातल्या एकेका भाषेचा सिनेमा लागायचा, आज बंगाली, पुढच्या वेळी मल्याळी. मराठीची पाळी कधीतरी यायची. आली की गल्लीतली सगळी मराठी घरं आमच्या बैठकीत. त्या दिवशी आमच्याकडे सणच असायचा.

गच्चीवरच्या एका बाईंनी अशाच एका सिनेमाचा विषय काढला. मुलगा आईला गावात ठेवून शहरात जातो, तो. मी उडालोच! म्हटलं, "अहो, हा तर आम्ही पाहिलाय! आणि शेवट काय आहे! मुलगा परत येतो, दारात उभा राहतो, आई एक शब्द विचारत नाही. फक्त म्हणते, हात धू, कढी गरम आहे."

सगळे असे हसले म्हणतोस! "अहो, तो कुठे परत येतो? ती म्हातारी एकटीच राहते शेवटी." "कढी कुठून आणलीत?" "दिल्लीवाल्यांना वेगळा सिनेमा दाखवत असतील."

मला लख्ख आठवलं. सिनेमा अर्ध्यावर असताना बत्ती गेली होती. तुझ्या आईने तो माहेरी, नागपूरला, थिएटरात पाहिलेला, म्हणून पुढची गोष्ट तिने तोंडी सांगितली होती. खिडक्या लावून अंधारलेल्या बैठकीत आपण दोघं तिच्या मांडीला टेकून बसलो होतो. मी तुझ्याकडे बघितलं. एवढंच म्हणायचं होतं तुला, की हो, माझ्या आईने सांगितला होता तो शेवट. बस.

तू सळया फिरवत राहिलास. मग म्हणालास, "हा असाच आहे, काहीही ठोकून देतो. आम्ही पाहिलाय ना, शनिवारी, मुंबईवर." बाई म्हणाल्या, "हो, तुझं लहानपण सदाशिव पेठेतलं ना?" आणि तू म्हणालास, "हो ना."

वा रे पठ्ठे! कोळशाच्या धुराने डोळे चुरचुरतात असं सांगून मी खाली उतरलो. धुराचं काही नव्हतं. मला घरमालकीणबाईंचा राग आला नव्हता, हसणाऱ्यांचाही नाही. राग आला तो तुझा. मला खोटं पाडलंस ते एक वेळ जाऊ दे, पण तू तुझ्या आईला खोटं पाडलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्वाल्हेरला, थाटीपुरच्या तुझ्या ताईच्या क्वार्टरवर काकूंना, म्हणजे तुझ्या आईला, फोन लावला. स्पष्ट सांगतो, तुझी कागाळी करायलाच लावला. सुरुवात सिनेमापासून केली, तर काकू खळखळून हसल्या.

"अरे, सिनेमात कुठे परत येतो तो! मी बनवलं होतं ते."

क्षणभर मला काकूंचाही राग आला. म्हणजे जी गोष्ट मी इतकी वर्षं जपली, तीही बनावट? मी विचारलं, का?

"मन्नू रडायला लागला होता ना. हिचकी बसली होती बिचाऱ्याला. मला म्हणाला, आई, मी नाही जाणार तुला सोडून. मग काय करणार? आणला परत त्या पोराला घरी. दुपारी कढी केलेली होती, तीच वाढली." मग म्हणाल्या, "त्याला आठवतं का रे ते?"

कागाळी जिभेवर होती, मन्नू. अगदी टोकावर.

मी म्हटलं, "आठवतं म्हणजे काय, काकू! काल सगळ्यांना त्यानेच तर सांगितलं. कढीसकट."

त्यांना इतका आनंद झाला की फोन हातात धरूनच ताईला हाका मारायला लागल्या. "अगं ऐकलंस का, मन्नू काय म्हणाला ते!"

माझा राग गेलेला नाही, जाईलसं वाटतही नाही. आपल्या लोकांचं ते गाव आपल्याला कधी मिळालं नाही. दाना ओलीतल्या त्या बैठकीत आता दुसरीच माणसं बसतात. घर म्हणून माझ्याजवळ उरला आहे तो हा खोटा शेवट. तो माहीत असलेल्यांतला एक मी, एक तुझी आई, आणि एक तू.

आज संध्याकाळी त्यांचा तुला फोन येईल. गच्चीवर कोणीही बसलेलं असू दे, हो म्हण.