दे इकडं तो कागद

ये छोरी, इकडं ये. दारात काहून उभी राह्यली पाहुण्यासारखी? जवळ बस. अन् ते बोट दाखव. डाव्या हाताचं. हं. कोरं आहे. धुतलं म्हणू नको, ती शाई धुतल्यानं जात नाही, मले माहीत आहे. म्हंजे तू गेलीच नाही. तिकडं नेर गावात तुह्या घरासमोरच शाळा, शाळेतच मतदान, सरकारनं सुट्टी देलेली, अन् तू झोपून राह्यली. वरून मलेच शिकवतं, "आजी, मत देणं माहा हक्क आहे, नाही देणं हाही माहाच हक्क. अन् एका मतानं काय होते?"

बरं. चहा पी आधी. मी रागावली नाही. खरं सांगू? जळून राह्यली मी तुह्यावर. या वयात, सख्ख्या नातीवर. तुह्या त्या कोऱ्या बोटावर जळून राह्यली. काहून, ते ऐक.

पाटलाच्या गावची शाळा. आपला तांडा फुलसावंगीच्या अलीकडं, अन् तांड्यापासून कोसभर ते गाव. शाळेच्या मांगं कडुलिंब. लिंबाखाली बाज. बाजेवर पाटलाचा कारभारी, पाय हलवत बसलेला. मी शाळेतून बाहेर आली. त्यानं माह्याकडं पाहिलंही नाही. नुसता हात पुढं केला. तळवा वर.

"दे इकडं तो कागद."

तवा मतदान आतासारखं नव्हतं. पडद्यामांगं पेट्या राहत, रांगेनं मांडलेल्या. एकेका उमेदवाराची एकेक पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. तुह्या हाती कागद देत. ज्याले द्याचं, त्याच्या पेटीत टाकाचा. झालं. पडद्यामांगं दुसरं कोणी नाही. तू अन् पेट्या.

पण आम्हाले, तांड्याच्या बायांले, कारभाऱ्यानं आधीच बजावून ठेवलं होतं. कागद पेटीत टाकाचा नाही. कांचळीत, आपल्या आरशाच्या चोळीत, खुपसाचा, बाहेर आणाचा, त्याच्या हातात द्याचा. मंग त्याचा भरवशाचा माणूस ते सारे कागद लपवून आत नेणार अन् पाटील म्हणन त्या पेटीत टाकणार. "लमानाच्या बाया. चिन्ह समजत नाही त्यायले. मत वाया घालवतीन." असं म्हणे तो. आमच्यासमोरच म्हणे. आमची भाषा वेगळी, म्हणून आम्हाले त्याची समजतच नाही जसं काही.

तांड्याचा नायक म्हंजे माहा सासरा. त्यानं मान हलवली. पाण्यापायी. तांड्याले विहीर नव्हती. पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीवरून आम्ही पाणी भरत होतो.

आता पाह्य. माहं ते पहिलंच मत. त्या टेबलामांगच्या साहेबानं माह्या बोटाले शाई लावली अन् कागद देला. फेकला नाही. हातात देला. तोवर मले कोणी काही असं देलंच नव्हतं. मजुरी वरून टाकत, पाणी वरून वाढत. हा कागद मात्र हातातून हातात आला. मी पडद्यामांगं गेली. पेट्या पाहिल्या. एका पेटीवर कोणीतरी हळदकुंकू वाहून ठेवलं होतं, झेंडूचं फूल होतं. मी कागद एका पेटीच्या फटीपाशी नेला. मंग घरची पाण्याची रिकामी गुंडी आठवली. कागद कांचळीत खुपसला.

पण बाहेर आल्यावर मले वाटलं, घडीभर राहू द्यावा आपल्यापाशी. नुसता. म्हणून म्हटलं, "देतो न भाऊ, थांबा."

"थांबा म्हनते!" कारभारी हसला. बाजेभोवतीचे सारे हसले. "पाहा रे, लमानीन सरकारी कागद दाबून राह्यली! काढ व तिच्या कांचळीतून."

हे त्यानं पाटलाच्या मोलकरणीले म्हटलं. तिनं हात घातला. साऱ्या माणसायसमोर. कांचळीचा एक आरसा तुटून धुळीत पडला. तांड्याच्या बाया खाली पाहत उभ्या. माहे हात चुड्यांनी भरलेले, कोपराच्या वरपर्यंत, अन् त्या हातांनी मी काहीच केलं नाही.

तेवढ्यात पाटलाची धाकली सून शाळेतून बाहेर आली. माह्याच वयाची. माहं लग्न झालं त्याच साली ती या गावात आली होती. बोट हवेत धरलेलं, पातळाले शाई लागू नये म्हणून, अन् त्या बोटावर हळूहळू फुंकर मारत होती. कारभारी बाजेवरून उठला. "या वहिनीसाहेब, ऊन लागलं असन." हात पुढं नाही केला त्यानं. कागदाचं विचारलं नाही. ती आत गेली, बाहेर आली, अन् मधी काय केलं ते तिचं तिले माहीत.

तिनं माह्याकडं पाहिलं. म्हणाली, "देऊन टाकाचा न बाई, कायले तमाशा करतं? तुले काय कराचं त्या कागदाचं?"

मी जळाले लागली ती तवापासून.

आधी जळत नव्हती असं नाही. तिची छत्री, तिच्या मऊ टाचा, तिले बसल्या जागी येणारा चहा. ते तं साऱ्याच बाया जळत. पण ते जळणं पोटाले भूक लागते तसं, भाकर खाल्ली की बसते. हे बसलं नाही. कापूस वेचता वेचता ती बांधावर दिसली, की माही नजर तिच्या बोटावर जाये. माह्याही बोटाले शाई होती. एकाच बाटलीतली. पण तिच्या शाईखाली तिचं मत होतं अन् माह्या शाईखाली काहीच नव्हतं. तिची शाई गेली, माही गेली, पण फुंकर माह्या डोळ्यांपुढून गेली नाही. मले तिचं सोनं नको होतं. तिचं ते आत जाणं पायजे होतं. एकटीचं. मी ओव्या म्हणाव्या तशी तिले मनातल्या मनात शिव्या देत होती. पाच वर्षं.

मंग पुढचं मतदान आलं. या खेपेले तऱ्हा बदलली. साऱ्या उमेदवारांची चिन्हं एकाच कागदावर, शिक्का माराचा, घडी कराची, अन् साहेबासमोरच्या एकाच पेटीत टाकाचा. कागद बाहेर आणता येत नाही. कारभारी तांड्यात आला. सासऱ्याले म्हणे, "नायक, आता बायांचं काम नाही. आत काय मारतीन, कोनाले मालूम? त्यायले घरीच ठेव."

सासरा म्हणाला, "बरं."

कांचळीत हात घातला तवा मी गप राह्यली. या "बरं"नं मात्र माहं डोकं फिरलं. आधी कागद घेतला होता. आता जाणंच घेतलं.

सासऱ्याशी तोंड उघडून बोलाची रीत नव्हती. घुंगटातून काही सांगाचं असलं तं बैलाले सांगाचं. सासरा ऐके, अन् तोही बैलालेच उत्तर दे. हसू नको, असंच चाले.

मी कडबा टाकता टाकता बैलाले म्हटलं, "काहून रे बैला, या तांड्यातल्या बाया मेल्या का? मताले काहून नाही जाच्या?"

सासऱ्यानं चिलीम बाजूले ठेवली. बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "बैला, सांग इले. आपले बापजादे मिठाच्या गोन्या लादून मुलूखभर फिरले. पुढच्या बैलामांगं सारा तांडा. वाट एक. ज्यानं वाट सोडली त्याले वाघानं नेलं. मतही तसंच. तांड्याचं एक."

"बैला, मंग पुढचा बैल तं आपला असाले पायजे. हा पाटलाच्या गोठ्यातला दिसते."

तिथंच बसलेल्या तुह्या आज्याले खोकला आला. खोटा खोकला. सासऱ्यानं चिलीम पुन्हा उचलली. मंग बैलालेच म्हणाला, "पानी कोनाच्या विहिरीचं पेतं रे तू?"

मी गुंडी घेऊन त्याच विहिरीवर गेली. पण मतदानाच्या दिवशी मी ती कांचळी घातली, तुटल्या आरशाची, अन् निघाली. एकटी. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीतून, पायवाटेनं.

मांगून घुंगरं वाजली. पाटलाची दमणी, छताची. आत धाकली सून. तिनं गाडी थांबवली.

"कुठं व?"

"मताले."

"तुमच्या बायांले तं नको म्हटलं न?"

"मले नाही म्हटलं कोनी. बैलाले म्हटलं."

तिले काही समजलं नाही. मी म्हटलं, आता विचारूनच घ्यावं. पाच वर्षं छातीत धरलेलं. "वहिनी, मांगच्या खेपेले तुम्ही कोनच्या पेटीत टाकला होता कागद?"

ती हसली. खरंच हसली, भोळ्यावानी. "कोनच्या म्हंजे? मामंजीनं सांगितलं तिच्यात. बाकीच्या पेट्यांवर काय होतं ते मी पाहिलंही नाही. मले काय कराचं?"

दमणी पुढं गेली. मी धुळीत उभी.

मले काय कराचं! पाच वर्षं मी जिच्यावर जळली, तिनं त्या पेट्यांकडं पाहिलंही नव्हतं. तिच्यापुढं कोणी हात केला नव्हता. तिची चोळी कोणी चाचपली नव्हती. पडद्यामांगं ती एकटी होती. अन् तरी तिनं देऊन टाकलं. माहं ओढून घ्या लागलं त्यायले, तिनं सोताहून नेऊन देलं. मी पऱ्हाटीत थुंकली. अन् पाय उचलले.

शाळेत कारभारी आतच बसलेला, उमेदवाराचा माणूस म्हणून. साहेब नवीन होता, पोरगेलासा. म्हणाला, "नाव काय बाई?"

"ते नायकाची सून हाय साहेब," कारभारी म्हणाला. "तांड्याच्या बाया येनार नव्हत्या. जा व, घरी जा."

"मी बाईंना विचारलं," साहेब म्हणाला.

मी घुंगट वर केला. नाव सांगितलं. माहं सोताचं. लग्नापासून ते नाव कोणी घेतलं नव्हतं, मलेच ते परक्यासारखं ऐकू आलं. पुन्हा सांगितलं. मोठ्यानं.

आडोशाले गेली. साऱ्या चिन्हांवरून नजर फिरवली. एकही सोडलं नाही. मंग मले वाटलं तिथं शिक्का मारला. कुठं, ते तुले नाही सांगणार. तुह्या आज्यालेही नाही सांगितलं.

घडी करून पेटीपाशी आली. साहेब खाली मान घालून दुसऱ्याचं पाहत होता. अन् तो हात पुढं आला. तोच. तळवा वर. सवयीनं आला, त्याले कळलंही नसन.

"दे इकडं तो कागद. तुले नाही जमाचं, मी टाकतो."

"हात मांगं घे," मी म्हटलं. भाऊ नाही म्हटलं.

कागद टाकला. चुडे वाजले. त्याचा हात तिथंच राह्यला, रिकामा. मंग मांगं गेला.

दुसऱ्या दिवशी पाटलाच्या विहिरीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. दोर काढून नेलेला. बाया रिकाम्या गुंड्या घेऊन परत आल्या त्या सरळ माह्या दारात. एकजण म्हणाली, "शाई पी आता, याडी! माय माही, तुही ते शाई पी!" माह्यावर जळत होत्या का? नाही. तहानलेल्या होत्या. त्यायचं खरं होतं.

सासरा बैलाले म्हणाला, "बैला, एका कागदापायी तांडा तहानला."

मी घुंगट काढला. मधला बैल सोडला अन् सासऱ्याच्या डोळ्यात पाहून बोलली. "बा, कागदापायी नाही. ज्याची विहीर त्याचंच मत, असं आपनच ठरवून देलं, त्याच्यापायी तहानला. पानी मी आनतो. पन कागद आता कोनाच्या हाती देनार नाही. त्याच्याही नाही, तुमच्याही नाही."

तो मरेपर्यंत माह्याशी बोलला नाही. बैलाच्या मार्फतही नाही.

नाल्याच्या रेतीत मी झिरा खोदला. हातानं. उन्हाळाभर तिथून गढूळ पाणी वाटीवाटीनं काढलं, फडक्यातून गाळलं, डोक्यावर आणलं. दुसऱ्या बायाही तिथंच भराले येत. माह्याशी न बोलता भरत अन् जात.

अन् निवडून कोण आलं म्हणतं? पाटलाचाच माणूस. वाजतगाजत आला, तांड्यावरून मिरवणूक गेली. मी कडेले उभी राहून पाहिली. माह्या मतानं काहीच झालं नाही. फक्त एक हात रिकामा मांगं गेला. उन्हाळाभर पाणी वाहताना मी तेवढंच आठवत होती, अन् ते पुरत होतं.

तू हक्क म्हणतं. हक्क तं त्या पाटलाच्या सुनेलेही होता. दमणीत बसून जात होता तिचा हक्क. छोरी, तुह्यापुढं आता कोणी हात करत नाही. विहीर नाही अडवत, काट्या नाही टाकत. मले जे पऱ्हाटी तुडवत जाऊन घ्या लागलं, ते तुह्या घरासमोर येऊन बसलं होतं, अन् तू कूस बदलली. कसा नाही जळणार माहा जीव? तू घरी राह्यली तं तो हात काही खाली जात नाही. तसाच पुढं राहते, अन् तू तुहं सोताहून नेऊन देतं. झोपेतच.

माह्या पेटीतली ती कांचळी तू लग्नात मागितली होती. मी नाही देली, तू फुगून बसली होती. तिचा तो आरसा मी पुन्हा लावला नाही, अन् लावणारही नाही. कोऱ्या बोटाच्या हातात ती मी देत नाही. मी मात्र जाईन. पाय नाही चालले तं बाजेवर घालून न्याल मले. जिवंत असून गेली नाही, असा दिवस मी येऊ देणार नाही.

जा आता, नेरची गाडी सुटन. शिदोरी बांधून ठेवली, विसरू नको. अन् लवकर ये. पुढच्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशी तं येच. मी दारातच बसलेली राहीन. आधी बोट पाहीन, मंग तोंड.