बिजेची कोर, पार्सिपनीत

बहारीनमध्ये नोकरीला होतो तेव्हा ईदची सुट्टी नक्की कधी, हे आधी सांगता येत नसे. रमजान संपत आला की ऑफिसात एकच बोलणं असायचं, आज चंद्र दिसला तर उद्या ईद, नाहीतर परवा. मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. सुट्ट्यांची यादी वर्षाच्या सुरुवातीलाच भिंतीवर लागते, एवढंच मला माहीत. आकाशाकडे बघून अख्खा देश कामं थांबवतो याचं मला फार अप्रूप वाटायचं.

बायकोला ते नवं नव्हतं. तिला भाऊ नाही, त्यामुळे लहानपणापासून भाऊबिजेला ती चंद्रालाच ओवाळायची. बिजेची कोर नखाएवढी. दिसली म्हणेपर्यंत मावळते. कुठे बघायचं ते तिला पक्कं ठाऊक. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बहारिनी मावशींना मोडकंतोडकं हिंदी यायचं. डोळे अधू झालेले, म्हणून ईदचा चंद्र शोधायला त्या हिला गच्चीत नेत. हिने "दिसला" म्हटलं की त्या जिना उतरत दारोदार सांगत. भाऊबिजेला ही निरांजन घेऊन वर गेली तेव्हा त्यांनी हे काय म्हणून विचारलं आणि हिने सांगितलं. पुढच्या ईदला त्यांनी जिन्यातूनच हाक मारली, "बेटी, ऊपर चलो, तुम्हारा भाई आता है."

सकाळी त्यांच्याकडून गोड शेवया आल्या. वर अंड्याची पोळी घालायची त्यांची रीत, पण आमच्या वाटीत ती नव्हती.

मग आम्ही अमेरिकेत, पार्सिपनीला आलो. नोकरी उत्तम होती, तिचा मी आजही ऋणी आहे. पण पहिली दिवाळी कामाच्या दिवसांत आली आणि पाडवा मीटिंगमध्ये गेला. भाऊबीज मंगळवारी होती. तिथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी फोनवर समजावलं, "अगं, शनिवारी हॉल बुक केलाय, सगळे तेव्हाच ओवाळून घेतात." ही म्हणाली, "काकू, शनिवारपर्यंत माझा भाऊ अर्धा होईल." काकू हसल्या. ही हसली नाही. फोन ठेवून ती खिडकीपाशी गेली. खिडकीतून समोरची इमारत दिसायची, पश्चिम दिसत नव्हती. तिला गाडी चालवता येत नव्हती, आणि मी घरी पोचेपर्यंत चंद्र मावळलेला असणार.

मंगळवारी साहेबाकडे लवकर जायची परवानगी मागितली. डॉक्टरकडे जायचंय का, त्याने विचारलं. चंद्र बघायचाय, म्हटलं. तो जा म्हणाला.

टेकडीवरच्या दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी लावली. पश्चिमेला ढग होते. अंधार पडेपर्यंत ताट मांडीवर घेऊन ती बसून राहिली. मला वाटलं, आता रडणार. पण ती म्हणाली, "मावशी काय सांगायच्या? ढग असले तर महिना तीसचा धरायचा. उद्या येऊ."

"उद्या तृतीया."

"असू दे. ते अख्खा देश थांबवतात, आपल्याला एक भाऊबीज नाही थांबवता येत?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा साहेबापुढे उभा राहिलो. काल दिसला नाही का, त्याने विचारलं. ढग होते, म्हटलं. मग जा, तो म्हणाला.

त्या संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं. हायवेच्या वर कोर स्पष्ट दिसत होती, बिजेपेक्षा थोडी भरलेली. वारा निरांजन टिकू देईना, म्हणून मी कोट आडवा धरला. तिने अक्षता टाकल्या, ओवाळलं, नमस्कार केला. खाली गाड्या जात होत्या. लोक ट्रॉल्या ढकलत आपापल्या गाडीकडे चालले होते. वर कोणीच बघत नव्हतं.

तिने ताट गाडीत ठेवलं. मग म्हणाली, "दिसला. पण सांगायचं कुणाला?"

"मला सांग की."

"तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही तर इथेच आहात."