टेलर मामांच्या मापाच्या वह्या

तुमच्या छातीचं माप किती, हे तुम्हाला सगळ्यात आधी कोणी सांगितलं, आठवतं का? नाही ना? मलाही आठवत नाही, आणि ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट असू शकते हे न कळल्यामुळे माझ्या हातून यंदा एक पराक्रम घडला. पण आधी ज्यांच्या दुकानात तो घडला त्या माणसाबद्दल सांगितलं पाहिजे. ते माझ्या आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणतो आणि सगळा कनेरगाव नाका टेलर मामा म्हणतो. माझं ठाम मत आहे (माझी सगळीच मतं ठाम असतात) की आमच्या जिल्ह्यात समाजवाद पुष्कळांनी सांगितला, काहींनी तो आल्याचं जाहीरही केलं, पण शिवला तो एकट्या मामांनी.

ब्लाउजचा नमुना कापायला इतर टेलर खाकी कागद वापरतात. मामा पत्रकं वापरायचे. सभा संपली की न वाटलेल्या पत्रकांचा गठ्ठा त्यांच्या दुकानात यायचा आणि ते त्याच्या बाह्या, पाठी, गळे कापून ठेवायचे. शाळा सुटल्यावर मी तिथेच बसायचो, त्यामुळे वाचायला शिकलो तो या नमुन्यांवर. ‘कष्टकऱ्यांनो, आता वेळ आली आहे’ असं जोरात वाचावं आणि तिथे बाहीची गोलाई सुरू व्हावी. वेळ कशाची आली, ते कातरीने नेलेलं. ‘जमीनदारी समूळ’ आणि पुढे गळा. मधली भोकं मी आवाज चढवून भरायला शिकलो. कॉलेजात मला ज्वलंत वक्ता म्हणायचे ते यामुळेच. माझ्या विचारांना आजही ठिकठिकाणी बाहीचे मुंढे आणि गळे आहेत, फक्त लोकांच्या ते लक्षात येत नाहीत.

झेंडे हा मामांचा दुसरा विभाग. समाजवादी मंडळी जितक्या वेळा फुटली तितक्या वेळा मामांना काम मिळालं, आणि जितक्या वेळा एक झाली तितक्या वेळाही मिळालं. झेंड्यावर आधी नांगर-चक्र होतं, मग कोणाची झोपडी झाली, कोणाचं झाड झालं, मग सगळे मिळून एका शेतकऱ्याच्या खांद्यावर नांगर दिला आणि तोही शेवटी वाटून घेतला. मामा म्हणायचे, “कापड तेच हाय रे. हे चित्र तेवढं बदलून राहिले.” नव्या फुटीची बातमी पेपरात यायच्या आधी मामांच्या मशीनवर यायची. उरलेल्या चिंध्यांची आत्याने एक वाकळ शिवली. तिच्यात एकमेकांचं तोंड न पाहणारे सगळे गट शेजारीशेजारी आहेत. थंडीत ती पांघरून मी कितीदा झोपलोय. आत्या म्हणते, “तुह्या पुढाऱ्यांना जमलं न्हाई ते म्या एका सुईनं केलं.” मी तिला ऐतिहासिक अपरिहार्यता समजावून सांगू लागलो की ती भाकरी थापायला उठते.

मामांच्या तोंडात कायम चार-पाच टाचण्या असायच्या, त्यामुळे ते फार कमी बोलायचे. पण एकेक टाचणी काढून मशीनवरच्या छोट्या उशीत खोचू लागले की नाका सावध व्हायचा. दुकानाचा एकच नियम होता: आल्या क्रमानं. एकदा एक मोठे बागायतदार मुलाच्या लग्नाचं कापड घेऊन आले, बाकावर शेतात निंदणाऱ्या तीन बाया बसलेल्या.

“आमचं घ्या आधी, घाई हाय,” बागायतदार म्हणाले.

मामांनी टाचण्या काढल्या. “बसा ना दादा. बाकावर जागा हाय की.”

“ह्यांच्याशेजारी?”

“न्हाई तर उभं राहा. त्याची काई तकलीफ न्हाई.”

बागायतदार उभे राहिले. तिघींची मापं निवांत झाली.

गेल्या दिवाळीनंतर मामांना सुईत दोरा ओवायला दिसेना, त्यातच रस्ता रुंद होणार म्हणून दुकान हलवायची वेळ आली. त्या दिवसांत मी ‘जिल्ह्यातील समाजवादी चळवळ: एक मांडणी’ ही पुस्तिका लिहीत होतो. चाळीस पानं, त्यात ‘अंतर्विरोध’ हा शब्द एकतीस वेळा. साहजिकच आवराआवर मी अंगावर घेतली. दुकानातल्या कागदांचे मी दोन भाग केले, ऐतिहासिक आणि निरुपयोगी. पत्रकं, ठराव, जाहीरनामे, अगदी बाहीच्या आकाराचे जाहीरनामेसुद्धा पेटीत नीट रचले. मापाच्या वह्यांची दोन पोती भरून रद्दीच्या गाड्यावर टाकले. मामांना विचारलं नाही. इतिहासाला कोण विचारतो?

महिन्याभराने साखरा गावच्या एक निवृत्त शिक्षिका मामांच्या घरी आल्या. मी उत्साहाने त्यांच्या हाती पुस्तिका ठेवली. त्यांनी ती चाळली, मिटली आणि मामांना म्हणाल्या, “मामा, माह्या बापाचं माप असंल का वहीत?”

“असंल ना. त्याच्यापासूनच वही सुरू केली म्या. पहिल्याच वहीत, पहिल्या पानावर.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “सर, त्या काळी आमच्या लोकाला टेलर हात लावत न्हवते. लांबून डोळ्यानं अंदाज घ्यायचे. सदरा ढगळा तरी नाही तर आवळ तरी. मामा समाजवाद्यांच्या शिबिराला झेंडे द्यायला हिंगोलीला गेले, अन् आल्यावर बापाच्या छातीला टेप लावली. बाप मरेपर्यंत सांगायचा, माही छाती चौतीस हाय हे मले त्या दिशी कळलं. हंगामभर गावानं मामाकडं कापड टाकलं न्हाई. बापाचा एकबी फोटो न्हाई, सर. म्हणलं ते पान नातीला दाखवावं.”

माझ्या पुस्तिकेत त्या शिबिराचे सातही ठराव होते. मामांनी मला कधी ठराव सांगितलेच नव्हते. “भाषण काई समजलं न्हाई,” ते म्हणायचे, “पण सगळे एका पंगतीत जेवले, ते बराबर समजलं.” मी ते वाक्य वैचारिक वजन नाही म्हणून गाळलं होतं.

“काढ रे लेकरा ती वही,” मामा म्हणाले.

वह्या रद्दीत घातल्याचं मी सांगितलं. वाटलं, आता आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण ऐकावं लागणार. मामांनी चाचपडत उशी ओढली, एकेक टाचणी काढली आणि तोंडात धरली. मग त्यांनी त्या पुन्हा उशीत खोचल्या आणि बाईंना एवढंच म्हणाले, “डावा खांदा उतरता होता त्याचा. ओझ्यानं.” बाईंनी पदराने डोळे पुसले आणि जाताना माझी पुस्तिका बरोबर नेली. त्याचा मला आणखी त्रास झाला.

रद्दीवाल्याने पोती नाक्यावरच्या ढाब्यांना आणि वाशिम रस्त्यावरच्या शेंगदाणेवाल्यांना विकून टाकली होती. तेव्हापासून मी भूक नसताना भजी खातो. चार पानं मिळाली आहेत, तेलकट. मामा कागद नाकाशी धरून वास घेतात, जांभळ्या पेन्सिलीच्या आकड्यावरून बोट फिरवतात आणि म्हणतात, “हा हट्टा गावचा गवंडी. न्हाई, हे ते न्हवं.” मग ते पान वाकळेच्या घडीत ठेवतात.

म्हणून एक विनंती आहे. माझी पुस्तिका मिळाली तर तिच्यात खुशाल भजी बांधा. पण या रस्त्याने जाताना तुमच्या हातात एखादी पुडी आली आणि तिच्यावर जांभळ्या पेन्सिलीने छाती, कंबर, बाही असं लिहिलेलं असलं, कोपऱ्यात कापडाचा तुकडा टाचलेला असला, तर शेंगदाणे खिशात ओता आणि कागद चुरगळू नका. छाती चौतीस दिसली तर तिथूनच माघारी फिरा. कनेरगाव नाक्यावर टेलर मामांचं घर कोणीही दाखवेल. आधी कोणी आलेलं असलं तर बाकावर बसा, तुमचा नंबर येईल.