बॅटरी कोणत्या खोलीत?

पुतण्याच्या नव्या घरावर परवा सोलरच्या पाट्या बसल्या. घर मोठं, म्हणून खाली बॅटऱ्याही आल्या. बसवायला आलेल्या माणसानं विचारलं, "लाइट गेली तर कोणकोणत्या खोल्या चालू ठेवायच्या?" झालं, तिथंच जुंपली. एकाला एसी हवा, दुसरीला फ्रीज, आणि चहा तसाच गार होत राहिला. मी आपली हसत बसले. हेच भांडण मी दहा-अकरा वर्षांची असताना अमरावतीच्या आमच्या घरात झालं होतं. तेव्हा सोलर हा शब्दही कुणाच्या कानावर आला नव्हता. वऱ्हाडातलं ऊन हे फक्त डोकं भाजायला असतं, अशीच आमची समजूत.

घरात तीन भाऊ, त्यांच्या बायका, आम्ही मुलं आणि सगळ्यांवर माझे आजोबा, म्हणजे आबाजी. थोरले मोठेबाबा वकील, मधले माझे वडील मास्तर, आणि धाकटा काका वरूडकडची संत्र्याची बाग बघायचा. तो आठवड्यातले दोन-तीन दिवसच घरी असे. घरात विजेचं फिटिंग झालं होतं, पण दिवेलागणीला लाइट जायची ती जायचीच. आणि असली, तरी जेवणं उरकली की आबाजी स्वतः उठून मेन स्विच खाली ओढत. रात्रभर तारांत वीज फिरत राहिली तर घर पेट घेतं, असं त्यांचं ठाम मत होतं. मोठेबाबांची वकिली कोर्टात चालायची, आबाजींपुढे नाही.

अंधाराचं आम्हाला काही वाटत नसे. उलट गप्पांना जोर चढायचा. फक्त माझी काकू, धाकट्या काकाची बायको, त्या गप्पांतून बाहेर पडायची. लग्नानंतर दोन वर्षांनी तिला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण कान घेऊन गेला. तेव्हापासून ती माणसांच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायची. दिवा असला की सगळ्यांच्या विनोदांना हसायची, जरा उशिरा, पण अगदी मनापासून. लाइट गेली की मांडीवर हात ठेवून गप्प बसायची. घरात दोन कंदील होते. एक मोठेबाबांच्या अशिलांसमोर, दुसरा चुलीजवळ, आणि जेवणं उरकली की रॉकेल वाचवायला दोन्ही विझायचे. सगळे आपापल्या बोलण्यात दंग आणि ही एवढ्या माणसांत एकटी, हे बघून मला असा राग यायचा की मी मुद्दाम तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची.

रोजच्या अंधाराला कंटाळून एका सुटीच्या दिवशी मोठेबाबांनीच विषय काढला. त्यांना डिझेलवरचं इंजिन हवं होतं. आबाजी म्हणाले, "ते फटफट घरात लावशीन तर मी चिखलदऱ्याले जाऊन राहीन." मग गॅसबत्तीचं नाव निघालं, पण ती आधी वापरून झाली होती. तिच्यात सारखी पंपानं हवा भरावी लागायची, तिची जाळी जरा धक्क्यानं झडायची आणि पावसाळ्यात तिच्यावर इतके किडे यायचे की आईनं ताटं वाढायचं साफ नाकारलं. शेवटी काका बोलला. संत्र्याच्या ट्रकची जुनी बॅटरी त्याच्याकडे होती. राजापेठेतल्या एका गॅरेजात ती चार्ज करून मिळत होती. एक बल्ब तिच्यावर आठवडाभर चालेल, थोडाथोडा लावला तर. आवाज नाही, धूर नाही. आबाजींना पटलं.

पण बल्ब एक आणि खोल्या ढीगभर. मोठेबाबा म्हणाले, ऑफिसात लावा, अशील अंधारात पळून जातात. आई म्हणाली, स्वयंपाकघरात, भाजीत काय पडतं ते तरी दिसेल. वडिलांना मुलांच्या अभ्यासाची काळजी. आबाजींनी देवघराचं नाव घेतलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं संपलं. तेवढ्यात काका खाली मान घालून म्हणाला,

"आमच्या खोलीत लावा."

आई आणि मोठेबाबांची बायको, मोठी आई, पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. नवराबायकोच्या खोलीत रात्री दिवा! त्या काळी आमच्याकडे नवराबायको वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलतही नसत. जे काय बोलायचं ते रात्री, दार लावल्यावर.

"काहून?" आबाजींनी विचारलं.

काकाचे कान लाल झाले. "विंचू निघतात."

"विंचू साऱ्याच घरात निघतात. तुले एकट्यालेच काहून चावतीन?"

काका कधी काही मागणारा नव्हता, आणि आता मागून बसला तर कारण सांगता येईना. मी दाराआड काकूजवळ बसले होते आणि बाहेरचं सगळं ओठ हलवून तिला सांगत होते. विंचवाचं सांगितलं तशी ती हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली. तिला कुजबुजायचं होतं. पण आपला आवाज किती मोठा होतोय हे तिला कसं कळणार?

"विंचू नाई वं बाई. अंधारात मले त्यायचं बोलणं दिसत नाई. चार वर्षं झाले, आमचं काही बोलणंच नाई."

घरभर ऐकू गेलं. बैठकीतलं हसणं एकदम थांबलं. माझ्या तोंडाकडे बघून काकूला कळलं काय झालं ते, आणि तिनं पदर पार नाकापर्यंत ओढून घेतला. इतकी वर्षं आम्ही तिच्याभोवती होतो, आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

आबाजी म्हणाले, "बॅटरी ह्याच्याच खोलीत जाईन." देवघराचं नाव परत निघालं नाही.

बल्ब लागला. ॲसिडनं काकाच्या दोन धोतरांना भोकं पडली, पण लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकूला गाठलंच. काय म्हणाला काका? काकू भाजी निवडत होती. हसून म्हणाली, "काय मालूम. मिशाच मिशा दिसल्या." आणि तिचे डोळे भरून आले.

काकाच्या मिशा खरंच दांडग्या. वरचा ओठ मुळातच बारीक, तो त्यांच्याखाली गडप. त्यात तो बोलायचा पुटपुटत. कात्रीनं छाटून बघितल्या, तरी काकूला त्याच्या दहा शब्दांतला एक कळेना. सगळ्या घराचं बोलणं तिला दिसायचं, फक्त नवऱ्याचं नाही. आणि मिशा काढायच्या तर कशा? बाप गेला की मुलगा मिशा काढतो. बाप जिवंत असताना काढणं म्हणजे बापाचं मरण मागणं. काका असलं मनातसुद्धा आणणारा नव्हता. बल्ब मग बिनकामाचाच झाला.

मला कुठली गोष्ट पोटात ठेवता येत नाही. आबाजींना सुपारी नेऊन दिली आणि सगळं सांगून टाकलं. ते सुपारी कातरत राहिले.

रविवारी न्हावी आला. ओट्यावर आबाजींची दाढी झाली, मग त्यांनी काकाला हाक मारून समोर बसवलं आणि न्हाव्याला म्हणाले, "याच्या मिशा काढ."

न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला. "मालक, तुमी समोर जित्ते बसले आहा. मले पाप लागन."

काका तर उठूनच उभा राहिला. आबाजींनी त्याचा हात धरून खाली बसवलं.

"बस. मी मेल्यावर तू काढशीनच. तवा तिले तुह्या तोंडून पयली गोष्ट काय समजन? सासरा मेला, हेच? मी हावो तोवर दोन चांगल्या गोष्टी सांग तिले."

काका रडत होता. न्हाव्यानं वस्तरा उचलला आणि मिशा काढल्या.

काका तसाच आत गेला. काकू पाणी भरत होती. तिनं त्याचा तो उघडा ओठ बघितला, हातातली घागर टाकली आणि "मामाजीऽ" असा सासऱ्याच्या नावानं हंबरडा फोडून बाहेर धावली. ओट्यावर आबाजी धडधाकट, गालाला तुरटी लावत बसलेले. ती दारातच थबकली, तिला काही समजेना. काका मागून आला, तिच्यासमोर उभा राहिला आणि सगळ्यांदेखत, भर उजेडात, तोंडाकडे तोंड करून बोलला.

"बाबा बरे हायेत. त्यायनंच काढाले लावल्या. रडू नको."

काकू त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मग खूप मोठ्यानं म्हणाली, "समजलं! मले समजलं!"

आबाजींनी तोंड फिरवून पंच्यानं डोळे पुसले. तुरटी झोंबली म्हणाले.

आठवडाभर पुरायची ती बॅटरी त्या खेपेला दुसऱ्याच रात्री पूर्ण उतरली. सकाळी काका ती सायकलवर बांधून राजापेठेत चार्ज करायला निघाला. एवढ्या लवकर कशी संपली, असं त्याला घरात कुणीच विचारलं नाही.